२००३च्या रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेला खेळाडू समोर आला, तर त्याला नेमकं काय विचारावं?

आडवा_पास
२२ नोव्हेंबर २००३, सिडनी. इंग्लंड २०, ऑस्ट्रेलिया १७. जादा वेळेतली २६ सेकंदं उरली असताना जॉनी विल्किन्सनने उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला आणि रग्बीचा विश्वचषक पहिल्यांदाच उत्तर गोलार्धात गेला.

त्या संघातले बहुतेक जण आता जेवणावळी, शाळांचे कार्यक्रम, मुलाखती अशा ठिकाणी लोकांना भेटत असतात. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला: "तेव्हा काय वाटलं?" वीस वर्षांत हजारदा दिलेलं उत्तर तो खेळाडू पुन्हा एकदा देतो, आपण टाळ्या वाजवतो, फोटो होतो. त्या सामन्याबद्दल नवं काहीच कळत नाही.

माझं मत असं, की प्रश्न कृतीबद्दल असावा. पाय कुठे होता, कुणी काय पुकारलं, कुणाला धरलं. हाताने आणि खांद्याने केलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की खेळाडू मनापासून बोलू लागतो. तुम्ही कुणाला काय विचाराल? उत्तर देताना त्या क्षणाचा खेळही समजावून सांगा, म्हणजे नव्या वाचकांनाही कळेल.

टेलगनर
मी विल्किन्सनकडे जाणारच नाही. इंग्लंडचा हुकर स्टीव्ह थॉम्पसन, त्याच्या थ्रोबद्दल विचारायला हवं.

ऑस्ट्रेलियाच्या फ्लॅटलीने ९७व्या मिनिटाला पेनल्टी (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळालेली किक) मारून १७-१७ केलं. इंग्लंडने रीस्टार्टची (गुण झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करणारी) किक लांब मारली. इंग्लंडचा मूडी त्या चेंडूमागे जीव तोडून धावला आणि त्याच्या दबावाखाली ऑस्ट्रेलियाच्या मॅट रॉजर्सला घाईने चेंडू टचमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर, मारावा लागला. लाइनआउट इंग्लंडला मिळाला, तोही ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत.

आता लाइनआउट कसा असतो बघा. दोन्ही संघांचे गडी समांतर रांगांत उभे राहतात आणि रेषेबाहेरून त्यांच्या मधे चेंडू टाकला जातो. चेंडू टाकणारा हुकर टचलाइनवर उभा. चेंडू किमान ५ मीटर आत गेला पाहिजे आणि रांग १५ मीटरवर संपते. पुढच्या गड्याकडे टाकलेला चेंडू सोपा आणि सुरक्षित, पण तिथून मध्यावर यायला एखाददुसरा फेज (चेंडू घेऊन बचावात घुसण्याची फेरी) जास्त लागतो. शेपटीकडे, म्हणजे रांगेच्या दूरच्या टोकाकडे, टाकलेला चेंडू हाती लागला की खेळ थेट मैदानाच्या मध्याकडे सरकतो, शिवाय प्रतिस्पर्धी फ्लँकरला (स्क्रमच्या कडेचा चपळ फॉरवर्ड) शेपटीतच अडकून राहावं लागतं. अडचण एवढीच, की तो चेंडू रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यावरून, दोन्ही रांगांच्या बरोबर मधून, सरळ जायला हवा. जरा वाकडा गेला की ऑस्ट्रेलियाला लाइनआउट किंवा स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना बांधून ढकलतात तो), हवं ते निवडता आलं असतं. पावसाने चेंडू ओला, पाय शंभर मिनिटांचे दमलेले. तरीही बेन केने शेपटीचा कॉल दिला, थॉम्पसनने टाकला आणि मूडीने वर झेपावून घेतला.

तो थ्रो चुकला असता तर ड्रॉप गोलची वेळच आली नसती.

निळी_जर्सी
+१. रग्बीत सगळ्यांत एकटं काम हुकरचंच.

पहिलाच_मोसम
नवीन आहे, राग मानू नका. मूडीने चेंडू घेतला तेव्हाच मागे देऊन विल्किन्सनने किक का नाही मारली? एवढे फेज का खेळले?

आडवा_पास
@पहिलाच_मोसम, राग कसला, याच प्रश्नासाठी तर धागा काढला. तिथून मारली असती तर अंतर फार आणि कोनही वाईट. त्या सामन्यात विल्किन्सनचे तीन ड्रॉप गोल आधीच हुकले होते, हेही लक्षात ठेवा. म्हणून संघाने ठरवलेली चाल खेळली. तिचं नाव झिगझॅग. एकदा या बाजूला, मग त्या बाजूला, दर वेळी थोडं पुढे, शेवटी खांबांसमोर.

क्रम असा: लाइनआउटवरून स्क्रम-हाफ (फॉरवर्डकडून चेंडू काढून पास देणारा) डॉसनने माइक कॅटला दिला, कॅट सरळ बचावाच्या भिंतीत घुसला. पुढच्या रकमधून (जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांची झुंबड) डॉसनने पासचा आव आणला आणि स्वतःच फटीतून निसटला, जवळजवळ २० मीटर. इथे डाव जिंकायच्या जवळ आला आणि त्याच वेळी अडकलाही, कारण डॉसन स्वतः रकच्या तळाशी गेला. ज्याने शेवटचा पास द्यायचा तोच माणसांखाली दबलेला!

हाफबॅक_७७
इथेच कर्णधार मार्टिन जॉन्सन. लोक त्याला दांडगा लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला गडी) म्हणून ओळखतात, पण त्या दहा सेकंदांत मैदानावर सगळ्यांत थंड डोकं त्याचं होतं.

डॉसन रकखाली असल्यामुळे स्क्रम-हाफच्या जागी नील बॅक उभा राहिला. बॅक फ्लँकर. त्याचा पास वाईट नव्हता, पण किकरसाठी लागणारा पास वेगळा असतो. किकर रकच्या मागे साधारण ८ ते १० मीटरवर उभा असतो. पास सपाट, वेगवान आणि त्याच्या हातांसमोर, कमरेच्या उंचीवर यायला हवा. पास उंच किंवा पाठीमागे आला तर किकरला हात लांबवावे लागतात, चेंडू फिरवून नीट धरायला अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात धावत येणारा बचावपटू अंगावर आलेला असतो.

म्हणून बॅकने चेंडू जवळच जॉन्सनला दिला आणि जॉन्सन सरळ माणसांत शिरला. फायदे तीन: डॉसनला उठून आपल्या जागी यायला वेळ मिळाला, आणखी दोन-तीन मीटर पुढे जाता आलं, आणि किक आताच येणार या अंदाजाने पुढे झेपावलेल्या ऑस्ट्रेलियनांना पुन्हा मागे, रकच्या शेवटच्या पायामागे जावं लागलं.

माझा प्रश्न जॉन्सनला: "तुम्ही चेंडू मागून घेतलात, की बॅकने तुमच्याकडे बघून दिला?" या एकाच प्रश्नावर अर्धा तास जाईल.

पहिलाच_मोसम
म्हणजे किक मारायच्या आधी कर्णधाराने मुद्दाम टॅकल करून घेतला? भारीच. आता ड्रॉप गोलची किकही कुणी समजावून सांगा.

बुटाची_टाच
सांगतो. नियम एका ओळीत: चेंडू हातातून सोडायचा, तो जमिनीला लागला पाहिजे, आणि उसळी घेतानाच पायाने मारायचा. आडव्या दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला की ३ गुण. दांडी ३ मीटर उंच, खांबांमधलं अंतर ५.६ मीटर.

चेंडू २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि लंबगोल. त्यामुळे तो कसा पडतो यावरच सगळं ठरतं. दोन्ही बाजूंनी दोन हातांनी धरायचा, खालचं टोक जमिनीकडे, वरचं टोक किंचित आपल्याकडे झुकलेलं. जितक्या कमी उंचीवरून सोडाल तितका तो हवेत कमी फिरतो आणि टोकावर पडण्याची खात्री वाढते. टोकावर पडला तर सरळ वर येतो. पोटावर पडला तर कुठेही उडतो आणि मग पाय हवेत फिरतो. टेकवलेला पाय चेंडू पडतो त्या जागेच्या शेजारी, खांदे चेंडूच्या वर, आणि आघात पायाच्या वरच्या टणक भागाने, बोटांनी नव्हे. मान शेवटपर्यंत खाली.

चुका ठरलेल्या असतात. खांबांकडे आधीच बघितलं की शरीर मागे झुकतं आणि चेंडू उंच जाऊन आखूड पडतो. घाईत चेंडू वरून फेकला की तो वेडावाकडा उसळतो. ओला चेंडू हातातून निसटून तिरका पडतो.

आता विल्किन्सन डावखुऱ्या पायाचा. शेवटची किक उजव्या पायाने. हे जमलं कारण दोन्ही पायांचा सराव तो सारखाच करायचा. किकिंगचे प्रशिक्षक डेव्ह ऑलरेड यांच्याबरोबर त्याने वर्षानुवर्षं हेच केलं. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध इंग्लंडचे सगळेच्या सगळे २४ गुण त्याचे होते: ५ पेनल्टी आणि ३ ड्रॉप गोल. त्याला मी विचारेन: "कमकुवत पायाचा सराव करताना चेंडू सोडायचा हात बदलत होतात का?" चेंडू शेवटी कोणत्या हातातून सुटतो यावर तो किती सरळ पडणार ते अवलंबून असतं. याबद्दल त्याला कुणी विचारलेलं ऐकिवात नाही.

स्प्रिंगबॉक_प्रेमी
सगळं मान्य, पण ड्रॉप गोलने जिंकलेला विश्वचषक म्हटलं की आधी २४ जून १९९५, एलिस पार्क. दक्षिण आफ्रिका १५, न्यूझीलंड १२. एकही ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) नाही. जोएल स्ट्रान्स्कीचे ३ पेनल्टी आणि २ ड्रॉप गोल, म्हणजे संघाचे सगळे गुण. वर्णभेदामुळे १९८७ आणि १९९१च्या स्पर्धांतून बाहेर असलेला देश, आणि मंडेला कर्णधार पीनारच्या ६ नंबरच्या जर्सीत. २००३ त्यापुढे फक्त एक चांगला सामना आहे.

खेळाच्या दृष्टीनेही तो ड्रॉप गोल अवघड होता. शेवटचा स्क्रम होता तेव्हा पीनारने बॅक-रोची (स्क्रमच्या मागच्या रांगेतल्या फॉरवर्डची) चाल पुकारली होती. स्ट्रान्स्कीने ती रद्द करून चेंडू स्वतःकडे मागितला. आज स्क्रमच्या वेळी बचाव करणाऱ्या बॅकना (स्क्रमबाहेरच्या गड्यांना) ५ मीटर मागे उभं राहावं लागतं. १९९५ साली ते अंतर नव्हतं, शेवटच्या पायाच्या रेषेवर उभं राहता यायचं. म्हणजे न्यूझीलंडचा मेहर्टन्स आणि सुटून येणारा फ्लँकर दोघेही किकरच्या किती जवळ होते बघा. म्हणून स्क्रम-हाफ योस्ट व्हान डर वेस्टहेझनच्या पासची किंमत डॉसनच्या पासपेक्षा जास्त.

हाफबॅक_७७
@स्प्रिंगबॉक_प्रेमी, ५ मीटरचा मुद्दा बरोबर, पण तुलना पटत नाही. स्क्रममधून ड्रॉप गोल मारताना प्रतिस्पर्धी संघाचे आठ फॉरवर्ड बांधलेले असतात. रकमधून मारताना दोन-तीनच अडकलेले असतात, बाकी सगळे मोकळे. त्यामुळे दोन्हींचा दबाव वेगळ्या जातीचा आहे.

इतिहासात १९९५चं महत्त्व मोठं, यात वाद नाही. पण धागा प्रश्न काय विचारावा याचा आहे. १९९५च्या खेळाडूंना लोक मंडेलांबद्दलच विचारतात, सामन्याबद्दल कुणीच नाही. जेम्स स्मॉलला न्यूझीलंडच्या लोमूसमोर उभं राहताना आतली बाजू द्यायची होती की बाहेरची, हे विचारायला हवं होतं. आता स्मॉल नाही, योस्ट नाही, चेस्टर विल्यम्स नाही, रुबेन क्रूगर नाही. लोमूही नाही.

स्प्रिंगबॉक_प्रेमी
हो. ती यादी वाचवत नाही. प्रश्न वेळेवर विचारायला हवेत हा मुद्दा मान्य.

खरडवही
मूळ प्रश्नावर थोडा वेगळा विचार मांडते. आडवा_पास म्हणतात कृतीबद्दल विचारा. टेलगनर म्हणतात थॉम्पसनला थ्रोबद्दल विचारा. पण स्टीव्ह थॉम्पसनला तो सामना आठवत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, त्याने स्वतः जाहीर केलं की त्याला कमी वयात येणारा स्मृतिभ्रंश झाला आहे आणि विश्वचषक जिंकल्याचंही त्याला आठवत नाही. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेले धक्के हे त्यामागचं कारण असल्याचं तो सांगतो. खेळाच्या नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयात गेलेल्या माजी खेळाडूंमध्ये तोही आहे.

धक्का म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं नव्हे. हुकर स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध असतो आणि त्याचे दोन्ही हात प्रॉपच्या (त्याच्या दोन्ही बाजूंच्या गड्यांच्या) खांद्यांवर बांधलेले असतात. दोन रांगा एकमेकींवर आदळतात तो भार मान आणि डोक्यातून जातो. तेव्हाच्या पद्धतीत दोन्ही संघ अंतर ठेवून उभे राहायचे आणि मग आदळायचे. २०१३ पासून प्रॉपनी आधी एकमेकांना धरायचं आणि मगच जोर लावायचा असा क्रम आला, तो हा आदळ कमी करण्यासाठीच. व्यावसायिक खेळात हे सामन्यांतच नाही, आठवड्याच्या सरावातही होतं. हजारो छोटे धक्के.

त्यामुळे समोर निवृत्त फॉरवर्ड असेल तर "तो थ्रो आठवतो का?" असं तोंडावर विचारू नका. प्रश्न उघडा ठेवा.

टेलगनर
@खरडवही, आभार. प्रश्न बदलतो. थ्रोची गोष्ट मूडीला किंवा बेन केला विचारावी. एकाने चेंडू घेतला, दुसऱ्याने कॉल दिला. थॉम्पसनचं कौतुक त्याच्यासमोर करावं, पण परीक्षा घेतल्यासारखं नाही.

खरडवही
अगदी हेच. आणखी व्यवहारातल्या दोन गोष्टी. गोंगाटात बोलू नका, शक्य असेल तर बाजूला शांत जागी. नाव, साल, प्रतिस्पर्धी हे प्रश्नातच सांगा, म्हणजे समोरच्याला शोधत बसावं लागत नाही. "२००३च्या फायनलला, सिडनीत, जादा वेळेत" एवढं आधी बोललं की त्याला हवं तर पुढे जाता येतं, नको असेल तर हसून विषय बदलता येतो. बरोबर घरचं माणूस असेल आणि त्याने उत्तर पुरं केलं, तर ते तसंच स्वीकारा.

निळी_जर्सी
आज टॅकलची उंची, डोक्याला लागलेल्या टॅकलला लाल कार्ड, तपासणीसाठी खेळाडूला बाहेर नेणं, यावर "खेळ मऊ झाला" म्हणणाऱ्यांनी वरचा प्रतिसाद दोनदा वाचावा.

पहिलाच_मोसम
सही घ्यायची असेल तर कशावर घ्यावी? बॉलवर घेतलेल्या सह्या पसरतात असं ऐकलंय.

बुटाची_टाच
सामन्याचा चेंडू घेऊ नका. त्याच्या पृष्ठभागावर पकडीसाठी बारीक दाणे असतात, पेनचं टोक त्यावर अडखळतं आणि शाई दाण्यांच्या मधल्या खाचांत उतरते. सह्यांसाठी गुळगुळीत पांढऱ्या पट्ट्यांचा चेंडू मिळतो, तो घ्यावा. आधी कोरड्या कापडाने पुसा, हातांचं तेल लागलेलं असतं.

जर्सी असेल तर कापड ताणलेलं हवं. आत पुठ्ठा घालून मागून चिमट्याने आवळा. सैल कापडावर पेन ओढला की कापडही त्याच्याबरोबर सरकतं. फिकट रंगावर काळा पर्मनंट मार्कर, गडद रंगावर पांढरा किंवा चंदेरी रंगाचा पेंट मार्कर. पेंट मार्कर आधी हलवून कागदावर चालवून बघा, नाहीतर पहिला थेंब सहीवरच पडतो. नंतर घडी घालू नका, पूर्ण वाळू द्या. आणि सही झाल्यावर धुवायची नाही.

अजून एक. रांगेत मागे लोक उभे असतात. टोपण आधीच काढून ठेवा आणि तो वाचलेला वेळ प्रश्नाला द्या.

स्क्रमची_भिंत
उशिरा आलो. प्रॉपबद्दल कुणीच बोललं नाही याचं वाईट वाटलं, म्हणून लिहितो.

त्या सामन्यात पंच आंद्रे वॉटसन यांनी स्क्रममध्ये इंग्लंडला पुन्हा पुन्हा दंड केला. इंग्लंडचा स्क्रम जास्त ताकदीचा होता, तरीही. सामान्य वेळेच्या शेवटच्या मिनिटालाही स्क्रमवरूनच पेनल्टी मिळाली आणि फ्लॅटलीने १४-१४ केलं. जादा वेळेत फिल विकरीच्या जागी जेसन लेनर्ड आला. वय ३५. १९९१चा अंतिम सामना ऑस्ट्रेलियाकडून हरलेल्या संघातही तो होता.

लेनर्डने काय केलं? जिंकायचा प्रयत्न केला नाही. जोर लावायचा नाही, वर-खाली करायचं नाही, सरळ बांधायचं, चेंडू बाहेर येईपर्यंत स्थिर राहायचं. पंचांना शिट्टी वाजवायला कारणच द्यायचं नाही. समोरच्यापेक्षा ताकदवान असताना स्वतःला रोखून धरणं हे प्रॉपसाठी सगळ्यांत अवघड. स्क्रम कोसळला तर चूक कुणाची हे पंचाला बाहेरून दिसणं कठीण असतं, तो कोपर आणि कंबरेची रेषा बघून ठरवतो. कोपर जमिनीकडे झुकलं की खाली खेचताय असं वाटतं. कोपर वर, पाठ सपाट, पाय खांद्यांइतके फाकलेले ठेवले की शंका येत नाही.

लेनर्डला विचारायचं: "मैदानात आल्यावर वॉटसनना तुम्ही काय म्हणालात?"

आडवा_पास
सुंदर. हा प्रश्न यादीत सगळ्यात वर.

हाफबॅक_७७
प्रॉपांवरून आठवलं, ट्रेव्हर वुडमन राहिला. ड्रॉप गोल झाल्यावर सामना संपला असं सगळे समजतात. संपला नव्हता. १५ खेळाडूंच्या रग्बीत ज्याच्यावर गुण चढले तो संघ रीस्टार्ट मारतो. फ्लॅटलीच्या पेनल्टीनंतर इंग्लंडला किक मिळाली ती याच नियमाने, आणि आता ऑस्ट्रेलियाला. २० सेकंदांहून जास्त वेळ शिल्लक. ऑस्ट्रेलियाने आखूड किक मारली, म्हणजे चेंडू १० मीटरच्या रेषेपलीकडे जाताच आपल्याच माणसांनी झेपावून घ्यायचा. तो चेंडू झेलला वुडमनने. लूजहेड (पुढच्या रांगेतला डावीकडचा) प्रॉप, ज्याचं काम कधीच रीस्टार्ट झेलणं नसतं. तिथून चेंडू मागे कॅटकडे आणि कॅटने टचमध्ये. घड्याळ संपल्यावर चेंडू बाद झाला तेव्हा शिट्टी.

स्प्रिंगबॉक_प्रेमी
आणि तो चेंडू वुडमनच्या हातून पुढे पडला असता तर ऑस्ट्रेलियाला स्क्रम, तोही इंग्लंडच्या हद्दीत, आणि पंच वॉटसन. हे मी कधी मोजलंच नव्हतं.

पहिलाच_मोसम
बरोबरीच राहिली असती तर?

हाफबॅक_७७
१० मिनिटांचा सडन डेथ. जो आधी गुण मिळवेल तो विजेता.

खरडवही
विल्किन्सनबद्दल एक राहिलं. त्या सामन्यानंतर दुखापतींमुळे तो इंग्लंडकडून थेट फेब्रुवारी २००७ मध्ये खेळला. जिंकल्यानंतरचं समाधान टिकलं नाही आणि मनावरच्या ताणाने ग्रासलं, हे तो स्वतः मोकळेपणाने सांगतो. म्हणून त्याला त्या किकबद्दल विचारायचंच असेल तर बुटाची_टाच यांचा हाताचा प्रश्न उत्तम आहे. तो तंत्राचा आहे आणि "आयुष्यातला सर्वोत्तम क्षण" असलं ओझं त्याच्यावर टाकत नाही.

आडवा_पास
यादी लावतो, पुढे ज्याला संधी मिळेल त्याने वापरावी. लेनर्डला पंचांशी झालेलं बोलणं. जॉन्सनला बॅककडून घेतलेला चेंडू. मूडीला रॉजर्सवरचा दबाव आणि लगेच त्यानंतरची शेपटीतली उडी, दोन्ही एकाच श्वासात कशी जमली. बेन केला कॉल. विल्किन्सनला चेंडू सोडणारा हात. डॉसनला रकखालून उठताना त्याच्या अंगावर कोण कोण होतं.

वुडमनसाठी प्रश्न अजून सुचत नाहीये.

स्क्रमची_भिंत
त्याला विचारा की रीस्टार्टला तो त्या जागेवर का उभा होता. प्रॉप सहसा उडणाऱ्याला उचलायला असतो. त्याला उचलायला कुणी नव्हतं, तो एकटा उडाला. ती जागा ठरलेली होती की तो स्वतःहून सरकला, हे कळलं पाहिजे.